तसलं लिहू नको, काकू

डॉक्टरबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या काचेवर लावली आणि पेनाच्या टोकानं मेंदूचा पुढचा भाग दाखवला. "हा भाग आकसलाय," त्या म्हणाल्या. "आणि इथं, कानाच्या वरच्या बाजूलाही." मी आणि आमचे हे, दोघंही त्या काळ्या-पांढऱ्या चित्राकडं बघत बसलो. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. तेवढ्यात अक्कानं हात पुढं केला, डॉक्टरबाईंनी अर्धा पिऊन ठेवलेला चहाचा कप उचलला आणि संपवून टाकला. मग कप जागेवर ठेवून पदरानं तोंड पुसलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मॅडम, माफ करा," मी म्हणाले.

"माफी कशाची मागता? मी मघापासून सांगतेय ते हेच. हा आजार आहे. त्या मुद्दाम करत नाहीत."

आजाराचं नाव फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. हे नाव मला नीट म्हणता यायलाच बरेच दिवस लागले. डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला वाटतं, माणूस विसरायला लागतो. या प्रकारात विसरणं मागाहून येतं. आधी जाते ती लाज. त्याच्या पाठोपाठ माया जाते. दुसऱ्याच्या ताटातलं उचलू नये, मयताला हसू नये, हे आपल्याला मेंदूचा जो पुढचा भाग सांगत असतो, तोच हळूहळू वाळत जातो. साठीच्या आतल्या माणसालाही हा आजार होतो. बरा होत नाही. त्रास थोडा कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, तेवढंच.

ज्यांच्या घरात असं काही चाललं असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्याकडं उपाय नाही, ते आधीच सांगते.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सुमन. आम्ही बदनापूरला राहतो. एकाच घराचे दोन भाग, मधे एक दार, आणि ते दार कधी लावलेलं मला आठवत नाही. थोरले दीर लवकर गेले. त्यांचा मुलगा सचिन शिकून पुण्याला नोकरीला लागला. अक्का अंगणवाडीत सेविका होती. बदनापुरातली अर्धी तरणी पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली. फार कडक बाई. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "कुणाच्या घरी गेलीस तर दोनदा म्हटल्याबिगर पाणी पिऊ नको." ती स्वतः तर तीनदा म्हटल्यावरच प्यायची. म्हणून त्या दिवशी तो चहाचा कप बघून मला जे झालं ते मी कुणाला समजावून सांगू शकत नाही.

सुरुवात कधी झाली ते आता मागं वळून बघताना दिसतं. माझे वडील गेले तेव्हा आम्ही आष्टीला गेलो होतो. अंगणात बायका रडत होत्या. अक्का माझ्या शेजारी बसलेली. तिनं माझ्या दंडाला हात लावला, मला वाटलं धीर द्यायला. ती म्हणाली, "जेवायचं कधी करतील?" आणि हसली. माझ्या माहेरच्या माणसांनी ते ऐकलं. मी नंतर कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाही.

मग ती गूळ खायला लागली. डब्यातून मुठीनं काढून. आंघोळ कर म्हटलं तर "केली" म्हणायची, न करताच. बाजारात सलीमभाईच्या गाड्यावरून केळं उचलून सोलून खात पुढं जायची. मग अंगणवाडीत तपासणीला आलेल्या बाईंनी तिला पोरांचा खाऊ खाताना पाहिलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तिला घरी बसवलं. गावात बोलणं झालं की सुमनबाईची नियत फिरली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे. आम्ही एका दर्ग्यात गेलो, एका भगताकडंही गेलो. जालन्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांनी उदासीनतेच्या गोळ्या दिल्या, फरक पडला नाही म्हणून त्यांनीच पुढं संभाजीनगरला पाठवलं. तिथं रक्ताच्या तपासण्या झाल्या, एमआरआय झाला. एमआरआयच्या बोगद्यात ती निजेना म्हणून दोनदा परत यावं लागलं. बाहेरच्या बाकावर वाट बघून बघून आमची पाठ धरायची. ती मात्र दिसेल त्याच्या पिशवीत हात घालायची आणि मी पिशवीवाल्याचे पाय धरायचं तेवढं बाकी ठेवायची.

त्या दिवशी निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "एक वही ठेवा. काय झालं, त्याच्या आधी काय झालं होतं, आणि नंतर काय झालं. चांगलं-वाईट ठरवू नका, फक्त लिहा. त्यांना स्वतःला काही सांगता येणार नाही. तुमची वहीच त्यांच्या वतीनं बोलेल."

मी दहावी झालेली. त्यानंतर किराण्याच्या यादीखेरीज काही लिहिलेलं नव्हतं. आमचे हे एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत जातात, सकाळी मोटारसायकलवर गेले की दिवेलागणीला येतात. मधला सगळा दिवस मी आणि अक्का. दुपारी ती पडली की मी ओट्याशी उभी राहून लिहायची. सुरुवातीची पानं आता वाचली तर मलाच माझा राग दिसतो. "दूध उतू गेलं. अक्का शेजारीच उभी होती, नुसती बघत होती." "मला चापट मारली. कारण काही नाही." "पाहुण्यांसमोर माझ्या वजनाबद्दल बोलली." कारण काही नाही, हे तर किती ठिकाणी लिहिलंय.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरबाईंनी वही घेतली आणि निवांत वाचली. मधेच विचारलं, "शौचाला कधी जातात हे लिहिलंय का?" मी थोडंफार लिहिलं होतं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. ज्या दिवशी तिनं मारलं, त्याच्या आधी दोन-तीन दिवस तिचं पोट साफ झालेलं नव्हतं. प्रत्येक वेळी. "पोटात दुखत असणार. दुखतंय हे कळत नाही, सांगता येत नाही. मग हात उगारतात." त्यांनी पोट साफ व्हायचं औषध दिलं, आणि मारणं जवळजवळ थांबलं.

मला तेव्हा वाटलं, आता जमेल. वही आहे, डॉक्टर आहेत, मी आहे. असं वाटण्याचे दिवस येतात. येऊ द्यावेत. पण आजार आपल्या गतीनं जातच असतो, हेही ध्यानात ठेवावं.

सचिन दर रविवारी फोन करायचा. अक्का फोन कानाला लावून म्हणायची, "हो. बरं. जेवलास का?" एवढंच, पण सुरात. तो मला म्हणायचा, "आई फोनवर तर बरी बोलते, काकू." त्याला रिपोर्ट पाठवले होते, ते त्यानं वाचले होते. पण वाचणं वेगळं आणि बघणं वेगळं.

दिवाळीला तो आला. त्याची बायको, आमची सूनबाई, माहेरी गेली होती, तो एकटाच होता. अक्कानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि त्याच्या हातातली मिठाईची पेटी घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली. तो हसण्यावारी नेत होता, पण त्याचा चेहरा उतरला. दुपारी मी मोरीत भांडी घासत असताना ओट्यावरची वही त्यानं उचलली. मी बाहेर आले तेव्हा तो उभ्या उभ्या वाचत होता. एका पानाशी थांबला होता. मला ते पान माहीत होतं. आदल्या महिन्यात अक्का भर दुपारी अंगणात साडी सोडून उभी राहिली होती, समोरच्या दुकानात माणसं होती, आणि मी चादर घेऊन धावले होते. ते सगळं मी लिहिलं होतं. कोण कोण होतं तेही.

"हे काय लिहून राह्यली तू, काकू?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. जे होतं ते लिहायचं."

"हे पण? कुणाच्या हाती पडलं तर?"

"कुणाच्या पडतंय. मी वाचते न् डॉक्टर वाचतेत."

"मंग डॉक्टरला तोंडी सांग." त्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तसलं लिहू नको, काकू. माझी आई हाय ती. तिला कळलं असतं तर तिनं विहीर जवळ केली असती."

ते खरं होतं. अक्काला तिच्याबद्दलची ही पानं दाखवली असती तर तिनं काय केलं असतं, हे मला त्याच्याहून जास्त माहीत होतं. मी ते पान दुमडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

तेव्हापासून मी निवडून लिहायला लागले. जेवली. झोपली. चिडचिड केली. सलीमभाईकडं नेलं, केळी खाल्ली. सलीमभाईबद्दल इथं सांगायला हवं. मी पहिल्यांदा त्याच्याकडं माफी मागायला गेले तेव्हा तो म्हणाला, "बाई, काहून एवढं मनाला लावून घेता? माझे तिन्ही लेकरं यांनीच सांभाळले. घेऊ द्या एक केळं." नंतर तर अक्का दिसली की तो स्वतःच सोलून हातात द्यायचा. हे लिहायला मला काही अडचण नव्हती.

मधल्या काळात तिचं लघवीचं भान जायला लागलं. साडी ओली व्हायची, मी बदलायची, फरशी पुसायची आणि वहीत लिहायची, "ठीक." घरात वास यायचा. संडासात नेलं की ती ओरडायची, मला ढकलायची. मी लिहिलं, "दुपारी फार चिडली." डॉक्टरबाईंनी फोनवर विचारलं तेव्हा आमचे हे शेजारी उभे होते, मला त्यांच्यासमोर त्यांच्या वहिनीचं ते सगळं बोलवेना. मी वहीत होतं तेच वाचून दाखवलं. त्यांनी शांत ठेवणाऱ्या गोळीचा डोस थोडा वाढवला. अक्का शांत झाली. जरा जास्तच शांत झाली.

एका सकाळी ती उठेना. अंग भाजत होतं. हाक मारली तर डोळे उघडायची आणि मिटायची. शेजाऱ्यांची गाडी घेऊन आम्ही जालन्याला एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "युरिन इन्फेक्शन आहे, ते रक्तात पसरलंय." याला सेप्सिस म्हणतात. लघवीच्या जागी झालेला जंतुसंसर्ग रक्तातून सगळ्या अंगात जातो. जिवाला धोका असतो. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी लावली, सलाईनमधून औषधं सुरू केली आणि आयसीयूत घेतलं.

सचिन संध्याकाळपर्यंत पोचला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा आम्ही तिघंही उभे होतो.

"लघवीचा त्रास कधीपासून होता?" डॉक्टरांनी विचारलं. "जळजळ, वास, कपड्यात होणं?"

वही माझ्या पिशवीत होती. मी ती काढली आणि उघडली. पानं चाळत राहिले. जेवली, झोपली, ठीक. जेवली, चिडली, ठीक. मला माहीत होतं की आत काही नाही, तरी मी चाळत राहिले, कारण मान वर करायचं धाडस होत नव्हतं.

"दिवाळीनंतर सुरू झालं," मी शेवटी म्हणाले. "लिहिलं न्हाई."

"का?"

मी सचिनकडं पाहिलं नाही. तोच बोलला. "मी न्हाई म्हटलो होतो तिला, डॉक्टर."

डॉक्टरांनी आम्हाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, "अशा पेशंटला दुखणं सांगता येत नाही. पुढच्या वेळी लवकर आणा." आणि आत गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

अक्का वाचली. तिला वॉर्डात आणल्यावर सचिननं रजा वाढवली आणि तो तिच्याजवळ बसायला लागला. आपली आई आपल्याला बघून ओळख दाखवत नाही, आपल्या डब्यातली पोळी मात्र ओढून घेते, हे त्यानं पहिल्यांदा पोटभर पाहिलं. नळी काढायला ती हात घालायची, तो तिचे हात धरून बसायचा. तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला तेव्हा तो उठून खिडकीशी गेला आणि बराच वेळ तिकडंच तोंड करून उभा राहिला.

परत येऊन बसला आणि म्हणाला, "काकू, पेन दे."

त्यानं लिहिलं, "लघवी पिवळी, कमी. नळी ओढते. मला चावली. त्याच्या आधी नर्सनं कूस बदलली होती, तेव्हा कण्हली." ते अक्षर बघून मला त्याची शाळेतली पाटी आठवली, इतकं ते जपून काढलेलं होतं.

बरी झाल्यावर तो तिला पुण्याला घेऊन गेला. म्हणाला, आता माझी पाळी. सूनबाईनं खरंच मनापासून केलं, तिला नाव ठेवायला जागा नाही. पण आजूबाजूच्या फ्लॅटच्या उघड्या दारांतून अक्का कुणाच्याही घरात शिरायची, देवापुढचा नैवेद्य उचलून खायची. ओळखीचं काही नाही, आवाज निराळे, भिंती निराळ्या. ती रात्रंदिवस दारं ओढत फिरायची. दोघंही नोकरीवाले. ठेवलेल्या बाया टिकेनात. ते दिवस मी दुपारी झोपत होते आणि जागी झाले की दाराकडं बघत होते.

पावसाळा संपता संपता तो तिला परत घेऊन आला. माझ्यासमोर हात जोडायला लागला, मी ते धरून खाली केले. त्यानं माझ्याकडं त्याची वही दिली. मी वाचली. मी जे लिहायचं टाळत होते ते सगळं त्यात होतं, माझ्यापेक्षा स्पष्ट. कपडे काढले. लिफ्टमधे लघवी केली. शेजारच्या आजोबांच्या हातातला प्रसाद हिसकावला. शेवटी एका ओळीत लिहिलं होतं, "आई आजारी आहे, हे आज मला मान्य आहे."

म्हणून सांगते, लिहा. लाज वाटेल असंच असतं ते, तरी लिहा. ज्याची लाज वाटते तिथंच बहुतेक वेळा दुखणं असतं. आणि वही कपाटात ठेवा, ओट्यावर नको. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिची अब्रू राखायची आणि डॉक्टरपासून काही लपवायचं नाही. हे एकदम साधत नाही. मला अजून साधलेलं नाही.

आता अक्का बोलत नाही. आधी वाक्यं गेली, मग शब्द, मग "हो" आणि "बरं" गेलं. चालते, पण धरून. आमचे हे कामावरून आले की तिच्या पायात चप्पल घालून तिला अंगणात दोन फेऱ्या मारून आणतात. सगळं आयुष्य ज्या वहिनीसमोर मान वर करून बोलले नाहीत, तिच्या पायाशी बसून ते चपलेचा पट्टा लावतात आणि म्हणतात, "चला वहिनी, जल्दी, अंधार पडून राह्यला." त्या माणसाचे मी कधी आभार मानले नाहीत, इथं मानते. सलीमभाईचेही. सचिनचे आणि सूनबाईचेही. आणि त्या डॉक्टरबाईंचे, ज्यांनी आपला चहा गेल्यावर दुसरा मागवला आणि त्यातला अर्धा अक्काला दिला.

अलीकडं तिला गिळायला त्रास होतो. घास चुकून श्वासनलिकेत जातो, त्याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. त्यातून न्यूमोनिया होतो, आणि या आजारात माणूस बहुतेक त्यानंच जातो. डॉक्टरबाईंनी हे मला सरळ सांगितलं. मी विचारलं, "मी काय करू?" त्या म्हणाल्या, "बसवून भरवा. पातळ नको, दाट. घाई नको. याहून जास्त तुम्ही काही करू शकत नाही." पूर्वी असं कुणी म्हटलं की मला राग यायचा. आता येत नाही.

गेल्या आठवड्यात तिला मुगाची घट्ट खिचडी भरवत होते. मधेच मला रडू आलं. काही झालेलं नव्हतं, उगाच आलं आणि थांबेना. ती माझ्याकडं बघत होती, जशी भिंतीकडं बघते तशी. आष्टीच्या त्या अंगणापासून मी मनातल्या मनात वाट बघत होते की कधीतरी ही मला म्हणेल, शोभे, काय झालं गं? हात तरी लावेल. आजार कळल्यावर, सगळं वाचल्यावर, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवल्यावरसुद्धा मी वाट बघायची सोडली नव्हती. त्या दुपारी पहिल्यांदा कळलं की ते येणार नाही, आणि ती ते लपवून ठेवत नाहीये. तिच्याकडं ते उरलेलंच नाही. उरलंय ते फक्त माझ्याकडं आहे. ते मीच द्यायचंय आणि परत काही मागायचं नाही.

तिनं तोंड उघडलं. तिला घास हवा होता. मी डोळे पुसले, चमच्यात थोडी खिचडी घेतली, तिची हनुवटी जराशी खाली धरली आणि भरवलं. मग तिच्या गळ्याकडं बघत राहिले. थोडा वेळ काहीच हललं नाही. मग गळा वर-खाली झाला. गिळलं तिनं.

मी पुढचा घास कालवला.